सत्तरच्या काट्यावर

बासष्टला काही नसतं.
चौसष्टला आरशाच्या कडेला बारीक थरथर,
माशी बसून उडाल्यासारखी.
सत्तरला डॅशबोर्डवरचा संत ग्योर्गी
घोड्यासकट, भाल्यासकट दात वाजवू लागतो,
मागच्या डब्यात लशीच्या कुप्या एकमेकींना ढोसतात,
आणि ऐंशीला पुन्हा सगळं चिडीचूप,
जसं काही झालंच नव्हतं.

मग ऐंशीनेच चालव, बिमुर्झामामा म्हणाला.
मामा, मेस्तियाहून निघून कुठल्या गावाला
ऐंशीने गेलंय कुणी, दरीत पडल्याशिवाय?
बेचोच्या खाली दीड किलोमीटरचा सरळ डांबरी तुकडा आहे,
तोही गाई बसलेल्या नसल्या तर.

त्या तुकड्यावर आम्ही चार दिवस काढले.

पहिल्या दिवशी चाकं. पुढची मागे, मागची पुढे.
एका रिममधून सुकलेल्या चिखलाचं ढेकूळ निघालं,
मामा खूश. म्हणाला, हाच चोर.
सत्तर. संताचे दात.
आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफर केस.
त्याचे बोल्ट सैल करून इंजिन चालू ठेवायचं,
त्याला स्वतःची जागा स्वतः शोधू द्यायची,
मग कुणाला न दुखवता आवळायचे.
मामाने माझा स्टेथोस्कोप मागितला.
नाही म्हटलं. मग दिला.
तो निवाच्या पोटाखाली पाठीवर पडून
डोळे मिटून ऐकत राहिला,
मी इपारीच्या म्हाताऱ्यांच्या छातीशी ऐकते तसा,
आणि माझ्यासारखंच काही न सांगता उठला.

तिसऱ्या दिवशी पुढचा कार्डन उतरवला.
डिफरन्शियल लॉक करून निव्वळ मागच्या चाकांवर गेलो.
सत्तर. दात.
परत आलो, पुढचा चढवला, मागचा उतरवला,
तो मागच्या सीटवर कुप्यांच्या डब्याशेजारी आडवा ठेवला,
नुसत्या पुढच्या चाकांवर निघालो.
सत्तर.
बाहत्तर.
एका गाईने मान वळवून पाहिलं.
संत ग्योर्गी गप्प.
मामाही गप्प. मला वाटलं, आनंदाने.

चौथ्या दिवशी तो कार्डन बाकावर होता.
मामा रॉकेलच्या चिंधीने पुसत होता,
एका टोकापासून, सावकाश,
आणि मधल्या सरकत्या जोडाशी येऊन थांबला.
तिथे पिवळ्या रंगाच्या दोन रेघा होत्या,
एक नळीवर, एक जोडावर,
खोलताना मारतात तशा, परत बसवताना जुळाव्यात म्हणून.
त्या जुळत नव्हत्या.
एका दात्याचा फरक. नखाएवढा.
तेवढ्याने दोन्ही टोकांची कडी वेगवेगळ्या वेळी वाकत होती,
दर फेऱ्याला दोन ठोके,
गेल्या ऑक्टोबरपासून.

गेल्या ऑक्टोबरला क्रॉस बदलले होते ते याच बाकावर.
आणि हा पिवळा रंग अख्ख्या मेस्तियात
एकाच्याच डब्यात आहे.
मधमाश्यांच्या पेट्यांवर आहे, फाटकावर आहे,
मामीच्या चपलेवर एक थेंब आहे.

कुठल्या गाढवाने बसवलं हे? मामा ओरडला.
मी म्हटलं, काय माहीत.
मग त्याने त्या गाढवाला स्वानमध्ये शिव्या घातल्या,
त्याच्या हातांना, त्याच्या चष्म्याला,
चष्मा लागतो हे कबूल न करणाऱ्या त्याच्या तोऱ्याला.
बराच वेळ घातल्या.
मी चार बोल्ट हातात धरून उभी होते.

रेघेला रेघ लावताना
त्याने कार्डन माझ्याकडे सरकवला.
तूच बघ, म्हणाला. इथे उजेड कमी आहे.
दुपारचे बारा वाजले होते.

सत्तर.
कुप्या आपापल्या जागी.
आता कुठूनतरी सीटबेल्टच्या बकलचा आवाज येतोय,
तो आधी होता का, आठवत नाही.
मामा शेजारी झोपलाय,
किंवा झोपल्यासारखा बसलाय,
एक तळवा खाली, गिअरच्या बाजूला, पत्र्यावर उघडा.
मी काटा हलू देत नाही.